दोन छाटण्यांच्या मधे

सोमवार, 2 डिसेंबर 2024. तासगावजवळच्या मळ्यातलं घर, सकाळचे पावणेदहा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अजून रविवारची रात्र चालू होती. तिथे 11:59 वाजले की एका विद्यापीठाचा पीएच.डी.चा अर्ज बंद होणार होता. आपल्याकडचे 10:29. माझी भाची सोप्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. तिने स्वतःचा अर्ज आदल्या रात्रीच भरला होता, पैसेही गेले होते. अडलं होतं ते तिसरं शिफारसपत्र. ते लिहिणारे सर कुठल्याशा कॉलेजात एक्स्टर्नल म्हणून प्रॅक्टिकल घ्यायला गेले होते आणि फोन उचलत नव्हते.

तिचे आजोबा, आबा, बागेतून आले. हातपाय धुता धुता म्हणाले, "झालं का गं तुझं?"

"नाही आबा. सरांचं पत्र राहिलंय."

"मग जाऊन घेऊन ये की. गाडी हाय न्हवं दारात?"

पत्र आणायचं नसतं, सरांनी ते थेट तिकडे चढवायचं असतं आणि त्यात काय लिहिलंय ते आपल्याला दिसत नाही, हे तिने त्यांना सांगितलं. आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि वंगाळ लिव्हलं तर?"

10 वाजून 11 मिनिटांनी पत्र आलं. (चार-दोन दिवस उशिरा आलेलं पत्रही बहुतेक ठिकाणी चालतं, हे आम्हाला नंतर कळलं. तोवर सगळ्या घराचं रक्त आटून गेलं होतं.)

मी त्या वर्षभर भाचीच्या मागे मागे होतो. आधी मामा म्हणून, मग लिहिणारा म्हणून. कोल्हापूर-सांगलीकडचे प्राध्यापक, पुण्यातल्या कन्सल्टन्सीत काम करून बाहेर पडलेला एक तरुण, तिकडे शिकत असलेली चार-पाच मुलं, यांच्याशी बोलत राहिलो. आणि एक योगायोग ध्यानात आला. द्राक्षबागेचं वर्ष दोन छाटण्यांवर चालतं. ऑक्टोबरात फळछाटणी, एप्रिलमध्ये खरडछाटणी. अमेरिकेतल्या पीएच.डी.च्या अर्जांचं वर्षही जवळपास तेवढ्यातच बसतं. ऑक्टोबरात यादी पक्की करायची, डिसेंबरात अर्ज, फेब्रुवारीत मुलाखती आणि 15 एप्रिलपर्यंत हो किंवा नाही. आमच्या घरात त्या वर्षी एकाच पडवीत फवारणीची वही आणि अर्जांची वही शेजारी शेजारी असायची.

सुरुवात मात्र पुण्यात झाली आणि चुकीची झाली. भाची एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झालेली. जूनमध्ये मीच तिला एका कन्सल्टन्सीत घेऊन गेलो. एसी, भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो, फोटोखाली विद्यापीठांची नावं. समुपदेशन मोफत. समोरच्या मुलीने मार्क विचारले, बजेट विचारलं आणि 10 मिनिटांत 8 नावांची यादी काढली: तीन अ‍ॅम्बिशस, तीन मॉडरेट, दोन सेफ. तुला कशाचा अभ्यास करायचाय, हे तिने विचारलंच नाही. पीएच.डी.चा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "आधी एम.एस. करा, मग बघा." खर्चाचा आकडा तिने पेन्सिलीने कागदाच्या कोपऱ्यात लिहिला. आबांचा दीड एकर सोनाका विकला असता तरी तो भागला नसता.

समुपदेशन मोफत कसं परवडतं, हे मला त्या बाहेर पडलेल्या तरुणाने समजावलं. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतलीही बरीच विद्यापीठं विद्यार्थी मिळवून देणाऱ्याला पहिल्या वर्षाच्या फीमधून कमिशन देतात. फी भरणारा विद्यार्थी हे गिऱ्हाईक. फी न भरता उलट पगार घेणारा पीएच.डी.चा विद्यार्थी पाठवून कुणाला काय मिळणार? म्हणून ती वाट त्या टेबलावर सहसा दाखवली जात नाही. फसवणूक म्हणावी असं यात काही नाही. दुकानात जे आहे ते दाखवतात.

अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानातल्या पीएच.डी.ला बहुतेक चांगल्या ठिकाणी फी माफ असते आणि वर राहण्या-खाण्यापुरतं विद्यावेतन मिळतं. बदल्यात शिकवण्याचं किंवा प्रयोगशाळेतलं काम करायचं, सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या आत. एम.एस. मात्र बहुतांशी स्वतःच्या खिशातून. पीएच.डी.साठी आधी एम.एस. झालेलं असावं लागतं असंही नाही, नुसत्या पदवीवर थेट पीएच.डी.ला घेतात. ही एवढी गोष्ट माझ्या ओळखीतल्या निम्म्याहून जास्त पालकांना माहीत नव्हती. 2023-24 साली अमेरिकेत 3,31,602 भारतीय विद्यार्थी होते, जगातल्या कुठल्याही देशाहून जास्त. त्यातले 1,96,567 पदव्युत्तर शिक्षण घेणारे. यातला मोठा वाटा कर्ज काढून एम.एस. करणाऱ्यांचा. त्यांची गणितं वेगळी असतात आणि ती चूकच असतात असं मी म्हणणार नाही. पण निवड करायची तर दोन्ही वाटा दिसायला हव्यात.

मग यादी कशी करायची? भाचीने कन्सल्टन्सीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला तो ठेवलाच. तिचा विषय तिला घरातच सापडला होता, फक्त तो 'विषय' आहे हे तिला माहीत नव्हतं. द्राक्षावर डाऊनी मिल्ड्यू पडतो. शेतकरी त्याला केवडा म्हणतात, आमच्याकडे सरळ 'डावणी'. पानाच्या वर तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी लव. सगळे बुरशी म्हणतात, पण जीवशास्त्राच्या हिशेबाने ती खरी बुरशी नव्हे. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाटा नासवून दुष्काळ आणणारा जंतू तिच्याच गोतावळ्यातला. एकाच गटातली औषधं पुन्हा पुन्हा मारली की ती त्यांना दाद देईनाशी होते. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टच्या निमित्ताने भाची तिथे दोन महिने जाऊन आली होती.

तिने डावणीवरचे शोधनिबंध वाचायला घेतले आणि प्रत्येक निबंधाच्या पहिल्या पानावरचे लेखकांचे पत्ते वहीत उतरवले. महिन्याभरात तेच ते पत्ते पुन्हा यायला लागले. त्यात कॉर्नेल विद्यापीठाचं जिनिव्हा होतं. हे स्वित्झर्लंडमधलं नव्हे, न्यूयॉर्क राज्यातलं, द्राक्षमळ्यांच्या भागातलं. कॅलिफोर्नियातलं डेव्हिस होतं. मिशिगन, ओरेगन होतं. मी तोवर जगातल्या विद्यापीठांच्या क्रमवारीची पानं चाळत होतो. तिच्या वहीतली एक-दोन नावं त्या पानांत पार खाली होती, पण वनस्पतिरोगशास्त्रात त्यांचा दबदबा. क्रमवारी सगळ्या विद्यापीठाची असते. पाच-सहा वर्षं काढायची असतात एका मजल्यावर, एका माणसाच्या हाताखाली.

त्या माणसांना तिने मेल लिहिले. पहिला मेल 'रिस्पेक्टेड सर'ने सुरू झाला आणि गेला एका बाईंना. उत्तर आलं नाही. पुढच्यांत तिने नुसतं 'डॉक्टर अमुक' लिहिलं, त्यांच्या एका निबंधातलं न कळलेलं काहीतरी विचारलं आणि चार ओळींत थांबली. सहा मेलांना दोन उत्तरं आली. त्यातल्या एकाने स्पष्ट लिहिलं की पुढच्या वर्षी माझ्याकडे पैसे नाहीत, विद्यार्थी घेणार नाही. असा नकार मोलाचा असतो, एका अर्जाची फी वाचते. जीवशास्त्राच्या बऱ्याच विभागांत प्रवेश समिती देते, पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत थोडे थोडे दिवस काम करायचं आणि मग जोडी जमते. इंजिनिअरिंगमध्ये अनेकदा प्राध्यापकाचा होकारच सगळं ठरवतो.

जर्मनीचाही विचार झाला. साताऱ्याचा एक मुलगा तिथे पीएच.डी. करतोय, त्याच्याशी बोललो. तिथे पीएच.डी. बऱ्याचदा नोकरी असते. जाहिरात निघते, मुलाखत होते, करार होतो, पगारातून कर कापला जातो. मास्टर्सला बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते. बाडेन-वुर्टेनबर्ग राज्य युरोपबाहेरच्यांकडून सत्राला 1,500 युरो घेतं आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही 2024 पासून अशी फी सुरू केली. भारतातून मास्टर्सला जाणाऱ्याला कागद तपासून घेतल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं आणि वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. "मामा, फी नाही म्हणून फुकट समजू नका," तो म्हणाला. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात वर्ष-दीड वर्ष जर्मन शिकून गेलेली मुलं तिथे लवकर रुळतात, हेही त्यानेच सांगितलं.

अर्ज करणं म्हणजे दार ठोठावणं, आणि ते उघडणारा आत कोण बसलाय यावर पुष्कळ असतं. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झालेल्या कमला भागवतने बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनासाठी अर्ज केला. लेखिका दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. संचालक होते सर सी. व्ही. रामन. बाई आहे म्हणून त्यांनी नाकारलं. कमला तिथे जाऊन ठाण मांडून बसली. अखेर रामन यांनी अटींवर घेतलं: पहिलं वर्ष परीक्षेचं, काम चांगलं वाटलं तरच पुढे मान्यता, मार्गदर्शक सांगतील तितकं, रात्रीसुद्धा काम, आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. तिने त्या मान्य केल्या. पुढे ती केंब्रिजला गेली. 1939 मध्ये पीएच.डी. मिळाली, प्रबंध जेमतेम 40 पानांचा. आपण त्यांना कमला सोहोनी म्हणून ओळखतो. आज अर्जात अशी अट कुणी लिहीत नाही. पण लग्नाचं काय, हा प्रश्न भाचीला त्या वर्षी जितक्यांनी विचारला त्यातल्या एकानेही तिला तिचा संशोधनाचा विषय विचारला नव्हता.

ऑगस्ट-सप्टेंबर गेला एसओपीत. स्टेटमेंट ऑफ पर्पज, दोन पानांचं निवेदन. या दोन पानांनी तिचा जितका जीव खाल्ला तितका एम.एस्सी.च्या चार सत्रांनीही खाल्ला नसेल. पहिला मसुदा मी वाचला. लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे, असं पहिलं वाक्य. मग दहावीचे मार्क, बारावीचे मार्क, निबंध स्पर्धेतलं बक्षीस. शेवटी, आपल्या नामांकित विद्यापीठात शिकून मला देशाची सेवा करायची आहे. इंग्रजी स्वच्छ. कुणाचंही असू शकलं असतं, एवढीच अडचण.

मी तिला दोष देत नाही. आपल्याकडे पंधरा-सोळा वर्षं मूल दुसऱ्याने काढलेल्या प्रश्नांची उत्तरं लिहितं. पाच मार्कांना पाच मुद्दे. आणि मग एक दिवस साता समुद्रापलीकडून कुणी विचारतं, बाई गं, तुझा प्रश्न काय? त्यात पुन्हा 'मी मी' करू नये हे घरातलं वळण. 'मी केलं' असं लिहायला तिचा हात धजेना. प्रयोग तिने एकटीने केलेला, पण वाक्य यायचं, 'प्रयोग करण्यात आला.' सांगलीच्या एका प्राध्यापकांनी मला सांगितलं, मुलं कर्मणी प्रयोगात लपतात. समितीला कळतच नाही की यातलं या मुलीने काय केलं आणि बाटल्या कुणी धुतल्या.

तिसऱ्या मसुद्यात पाऊस आला. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी पाऊस. ती तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. फळछाटणी होऊन कोवळी फूट आलेली, पाऊस थांबेना, ट्रॅक्टर बागेत जाईना. आबा पाठीवर पंप घेऊन फवारत होते. दर दोन दिवसांनी तेच औषध, कारण दुकानदाराने तेच दिलं होतं. डाग हटत नव्हते. दोन ओळी सोडून पलीकडच्या वेलींवर मात्र कमी होते. का, ते कुणाला सांगता आलं नाही. तिने एवढंच लिहिलं. मग मांजरीला काय शिकले, कुठली गोष्ट जमली नाही, आणि आता काय विचारायचं आहे. शेवटचा परिच्छेद प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळा: तिथल्या कुणाचं कुठलं काम या प्रश्नाशी भिडतं. देशसेवा गेली, दहावीचे मार्क गेले. मला भीती वाटली की शेतकरी आजोबा जरा जास्तच होतायत, आजकाल गरिबीचं भांडवल करणारे एसओपीही पुष्कळ निघतात. पण आबा त्यात चारच ओळी होते, आणि त्या चार ओळींत ते फक्त फवारत होते.

शिफारसपत्रांचं प्रकरण याहून अवघड. आपल्याकडची रीत अशी: "तूच लिहून आण, मी सही करतो." सर वाईट नसतात. एकेका सरांकडे वीस-पंचवीस मुलं, पेपर तपासायचे, नॅकच्या फायली. मग मूल स्वतःच स्वतःची तीन पत्रं तीन सरांच्या नावाने लिहितं. तिन्ही पत्रांत मूल 'सिन्सिअर, हार्डवर्किंग अँड ओबीडियंट'. तिकडे ओबीडियंट हा संशोधकाचा गुण मानत नाहीत. शिवाय एसओपीतली वाक्यरचना पत्रांतही दिसली की वाचणाऱ्याला हात एकच आहे ते कळतं. अर्जात एक चौकोन असतो: हे पत्र बघण्याचा माझा हक्क मी सोडत आहे. 1974 च्या एका अमेरिकी कायद्याने विद्यार्थ्याला तो हक्क दिला आणि बहुतेक विद्यार्थी खूण करून तो सोडून देतात, कारण न दाखवता लिहिलेल्या पत्रावर विश्वास जास्त. जे पत्र मी स्वतःच लिहिलंय ते बघण्याचा हक्क मी सोडतो, असा हा विनोद दर डिसेंबरात शेकडो सायबर कॅफेंत आणि हॉस्टेलच्या खोल्यांत घडतो.

पत्राला वजन येतं ते लिहिणारा विद्यार्थ्याला खरोखर ओळखत असला की. डॉ. आंबेडकर 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, बदल्यात बडोदे संस्थानाची दहा वर्षं नोकरी करण्याचा करार. तिथे त्यांना अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन मिळाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परतलेले आंबेडकर 1920 मध्ये पुन्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला निघाले, तेव्हा या सेलिग्मननी तिथल्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी लिहिलं. मुंबईच्या चाळीतून गेलेला तरुण आणि दोन खंडांतले दोन अर्थतज्ज्ञ. मधे एक पत्र.

भाचीने तीन माणसं निवडली. एक मांजरीचे मार्गदर्शक. दुसऱ्या एम.एस्सी.च्या बाई, ज्यांनी तिचा फसलेला प्रयोग तीनदा करून घेतला होता. तिसरे ते एक्स्टर्नलला गेलेले सर. तिने त्यांना पत्रं लिहून दिली नाहीत, फक्त एका कागदावर आठवणी दिल्या: कुठल्या महिन्यात काय केलं, काय चुकलं, तुम्ही काय म्हणालात. बाई म्हणाल्या, "बरं झालं गं आणलंस, मी विसरलेच होते."

बाकीची कागदपत्रं भराभर सांगतो. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठाच्या खिडकीवर तीन फेऱ्या. दहापैकी 8.2 चे चारपैकी किती करायचे याची चिंता, जी फुकटची निघाली, कारण बहुतेक ठिकाणी आहे तसेच लिहा म्हणतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, मधे वडिलांचं नाव, आणि एका अर्जाने वडिलांनाच विद्यार्थी ठरवलं. जीआरई तिच्या सातही ठिकाणी लागत नव्हती. जीवशास्त्राच्या अनेक विभागांनी ती काढून टाकली आहे. टोफेल द्यावी लागली. अर्जाची फी एकेका ठिकाणी 70 ते 125 डॉलर. सात अर्जांचे मिळून पन्नास हजारांच्या वर गेले, बेदाण्याच्या पट्टीतून. काही विद्यापीठं मागितली तर फी माफ करतात. मागावी लागते हे कुणीतरी सांगावं लागतं.

हे 'कुणीतरी' ज्यांच्याकडे नाही त्यांचं काय? बुलढाणा जिल्ह्यातल्या भटक्या समाजातले, शेतकरी घरातले राजू केंद्रे 2021 मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसमध्ये शिकायला गेले. त्यांनी उभी केलेली 'एकलव्य' ही संस्था घरातल्या पहिल्याच पदवीधर पिढीला हेच सगळं शिकवते: यादी, निवेदन, पत्रं, मुलाखत. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या 75 विद्यार्थ्यांना दरवर्षी मिळते. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. पण 2022 मध्ये तिच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा समाजशास्त्रीय अभ्यास हे विषय वगळले गेले. म्हणजे परदेशात जाऊन जातीचा अभ्यास करायचा तर ही शिष्यवृत्ती नाही. कोलंबियात जातिव्यवस्थेवर निबंध वाचणाऱ्या आंबेडकरांना आज हा अर्ज भरता आला नसता. टाटांचा जुना निधी, 1892 चा, अजून चालू आहे. त्याच्या अगदी पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. 1957 मध्ये जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते याच निधीच्या मदतीने.

जानेवारीत बागेत मणी भरत होते आणि घरात कुणी मेलचं नाव काढत नव्हतं. फेब्रुवारीत दोन मुलाखती झाल्या, रात्री साडेनऊला, गोठ्याशेजारच्या खोलीत, कारण नेटवर्क तिथेच. एका मुलाखतीत विचारलं, तुझा सगळ्यात फसलेला प्रयोग कुठला? ती पंधरा मिनिटं बोलली. मग नकार यायला लागले, एका आठवड्यात तीन.

तो वसंत तिकडेही वाईट होता. संशोधनाच्या सरकारी निधीला कात्री लागली, काही विभागांनी त्या वर्षी विद्यार्थी घेणंच कमी केलं, काहींनी दिलेले प्रवेश मागे घेतले. मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय विद्यापीठाची बातमी भाचीने मला पाठवली, खाली काहीच न लिहिता. मार्चच्या अखेरीस एका राज्य विद्यापीठाचं पत्र आलं. फी माफ, विद्यावेतन, पाच वर्षांची हमी. तिच्या वहीतल्या पत्त्यांपैकी एक, क्रमवारीच्या पानांत खाली असलेला. दुसऱ्या एका मोठ्या नावाने एम.एस. देऊ केलं, पैशाविना. पावणे दोनशेहून अधिक नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्या मोठ्या नावाचंच कौतुक झालं. मोठ्या नावावर मीही दोन दिवस अडखळलो, हे कबूल करतो. ती अडखळली नाही. 14 एप्रिलला, मुदतीच्या आदल्या दिवशी, तिने होकार कळवला. बाहेर खरडछाटणी चालू होती.

व्हिसाने शेवटचा हिसका दिला. मे संपता संपता अमेरिकेने विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखती थांबवल्या, जूनच्या 18 तारखेला पुन्हा सुरू केल्या आणि समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवा म्हणून सांगितलं. तिच्या इन्स्टाग्रामवर पानंच पानं. वरून तेलकट, खालून पांढरी. अधिकाऱ्याने ती पाहिली असतील तर काय समजला असेल देव जाणे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती गेली.

सप्टेंबरात एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. आबा खाटेवर, मी शेजारी. ती प्रयोगशाळेच्या मागे एका रस्त्याने चालली होती आणि कुंपणावर चढलेली एक वेल दाखवत होती. पानं आमच्याच पानांसारखी, द्राक्षं वाटाण्याएवढी, काळी.

"आबा, डावणी मूळची इकडचीच," ती म्हणाली. "इथून फ्रान्सला गेली दीडशे वर्षांपूर्वी, तिथून जगभर. तुमचं बोर्डो तिच्यासाठीच निघालं."

आबांना बोर्डो माहीत होतं, मोरचूद आणि चुना. ते मोबाईल डोळ्यांजवळ घेऊन वेल बघत होते.

"ही बाग कुणाची?"

"कुणाचीच नाही. रानातली वेल आहे."

"फवारत न्हाईत?"

"नाही."

"डावणी येती?"

तिने एक पान उलटं करून कॅमेऱ्यापुढे धरलं. खाली पांढरी लव होती, अगदी थोडी, दोन-चार ठिपके. आबांनी ते पान बराच वेळ बघितलं.

"मग ही जगती कशी?" ते म्हणाले.

पलीकडे भाची हसायला लागली. "थांबा आबा," ती म्हणाली, आणि मोबाईल कुंपणावर टेकवून दप्तरातून वही काढायला लागली.